‘घरीच शिकतो’ म्हणजे नेमके काय?

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी आपल्यापैकी अनेकजण घरोघर हिंडलेले आहेत. हातात तक्ता, त्यात मुलाचे नाव, वय, शाळेत जातो की नाही, जात नसल्यास कारण. समजा, एकाच दिवशी तीन दारांत आपल्याला एकच उत्तर मिळाले : ‘घरीच शिकवतो आम्ही.’

पहिल्या घरात आई-वडील दोघेही चांगले शिकलेले आहेत. शाळेतली घोकंपट्टी नको म्हणून त्यांनी मुलीला शाळेत घातलेलेच नाही. दुसऱ्या घरातल्या मुलाला चालता येत नाही. शाळा लांब, रोज उचलून नेणारे कोणी नाही, म्हणून मोठी बहीण त्याला संध्याकाळी वाचायला शिकवते. तिसऱ्या घरात अकरा वर्षांची मुलगी वडिलांच्या शिलाई मशीनशेजारी बसून काज-बटण करते आहे. वडील म्हणतात, ‘हातात कला येते आहे, हेही शिक्षणच की!’

तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. तरीही या तीन मुलांच्या वाट्याला येणारे आयुष्य एकसारखे असणार नाही, हे आपल्याला दारातच कळते. मग ‘घरचे शिक्षण’ म्हणायचे कशाला? हा प्रश्न आजचा वाटतो, पण त्याला बराच मोठा इतिहास आहे. त्या इतिहासातली काही घरे आपण आत डोकावून पाहू या.

आधी शाळा, मग घरचे शिक्षण

कुंभाराचा मुलगा चाकाशेजारी बसून शिकत असे, वैद्याचा मुलगा खलबत्त्याशी, शेतकऱ्याचा बांधावर. याला कोणी ‘घरचे शिक्षण’ असे वेगळे नाव देत नव्हते. वेगळ्या नावाची गरजच नव्हती, कारण बहुतेकांसाठी दुसरे काही नव्हतेच. मूल शाळेत गेलेच पाहिजे असे सरकार म्हणू लागले, तेव्हा कुठे घरी शिकणारे मूल अपवाद म्हणून नजरेत भरू लागले. म्हणजे घरचे शिक्षण ही कल्पना, उलटे वाटले तरी, सक्तीच्या शाळेच्या पाठोपाठ आलेली आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १८५२ मध्ये असा कायदा केला. ८ ते १४ वयाच्या मुलाला वर्षातून किमान १२ आठवडे शाळेत पाठवायचे होते. इंग्लंडमध्ये १८८० पासून हजेरी सक्तीची झाली. आपल्याकडे बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानाला लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मांडलेले विधेयक मात्र पुढच्या वर्षी फेटाळले गेले.

फ्रान्सचा २८ मार्च १८८२ चा कायदा मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या कायद्याने शिक्षण सक्तीचे केले, शाळा सक्तीची केली नाही. ते शिक्षण शाळेत घ्या किंवा घरात, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. फक्त घरी शिकणाऱ्या मुलाने ठरावीक काळानंतर दरवर्षी एक परीक्षा द्यायची होती. ‘सक्ती कशाची, शिक्षणाची की हजेरीची?’ हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत प्रत्येक देशात पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे. ‘घरीच शिकवतो’ हे उत्तर चालेल की नाही, हे त्यावरच ठरते.

एक टेबल, बाप आणि मुलगा

सक्तीचे कायदे येण्याच्या कितीतरी आधीचे एक घर पाहू. जॉन स्टुअर्ट मिल हा पुढे विचारवंत म्हणून जगभर गाजलेला मुलगा लंडनमध्ये १८०६ साली जन्मला. त्याचे वडील जेम्स मिल यांनी त्याला शाळेत घातले नाही. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन. वडील ज्या टेबलावर लिहीत बसत, त्याच टेबलावर समोर मुलगा ग्रीक वाचत असे. ग्रीक शब्दाचा अर्थ इंग्रजीत सांगणारा सोयीचा कोश तेव्हा नव्हता, म्हणून अडलेला प्रत्येक शब्द तो वडिलांना विचारी. वडील एरवी तापट, पण ही व्यत्ययाची रांग सहन करत. गंमत अशी की, वडील तेव्हा लिहीत होते तो ग्रंथ हिंदुस्थानच्या इतिहासाचा होता. १८१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानात एकदाही पाऊल न ठेवता लिहिलेला!

रोज सकाळी बापलेक फिरायला जात. आदल्या दिवशी वाचलेले मुलाने वाटेत सांगायचे, असा नेम होता. स्वतः शिकलेले धाकट्या भावंडांना शिकवायचे कामही त्याच्याकडेच होते. इतर मुलांच्या संगतीपासून वडिलांनी त्याला हेतुपूर्वक दूर ठेवले.

या शिक्षणाची जमाखर्चाची वही मिलनेच आपल्या आत्मचरित्रात मांडून ठेवली आहे. जमेच्या बाजूला बुद्धीची असामान्य मशागत. खर्चाच्या बाजूला, हाताने करायच्या साध्या कामांत कायमचा अडाणीपणा आणि विसाव्या वर्षी, १८२६ मध्ये, आलेली खोल उदासीनता. चौदाव्या वर्षी तो फ्रान्सला निघाला तेव्हा वडिलांनी हाइड पार्कमध्ये फिरताना त्याला बजावले की, इतरांपेक्षा तुला जास्त येते हे आता तुझ्या ध्यानात येईल, पण त्यात तुझा मोठेपणा नाही. शिकवू शकणारा आणि त्यासाठी वेळ द्यायला तयार असणारा बाप तुला लाभला, एवढेच त्याचे कारण.

वडिलांचे हे म्हणणे घरच्या शिक्षणाच्या इतिहासातले फार महत्त्वाचे निरीक्षण आहे. शिकवण्याची पात्रता आणि वेळ या दोन्ही गोष्टी एकाच घरात असणे हा योग आहे. तो किती घरांत जुळून येतो?

एडिसनची गोष्ट आपण मुलांना सांगतो, तीही याच योगाची आहे. शिक्षकांनी त्याला मंद ठरवले, आई चिडली आणि तिने त्याला घरीच शिकवले, असे एडिसन स्वतः सांगत असे. (शाळेने पाठवलेली चिठ्ठी आई मुद्दाम चुकीची वाचून दाखवते, ही मोबाईलवर फिरणारी कथा मात्र रचलेली आहे.) ती आई आधी शिक्षिका होती, हे सांगायचे आपण बहुधा विसरतो.

पहाटेचे पाठ

आता आपल्याकडे येऊ. मिलच्या वडिलांपुढे शाळा होती आणि त्यांनी ती नाकारली. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात मुलींपुढे नाकारायलाही शाळा नव्हती. इथे घरी शिकणे ही निवड नव्हती, ती एकमेव फट होती.

अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे विद्वान. त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकवायला घेतले. स्त्रीला देववाणी शिकवतो म्हणून विरोध झाला आणि अखेर ते गंगामूळच्या जंगलात आश्रम बांधून राहिले. तिथे १८५८ मध्ये रमाबाईंचा जन्म झाला. पुढे घर मोडले, तीर्थयात्रा सुरू झाली. वडील थकले होते, म्हणून रमाबाईंना शिकवण्याचे काम आईने केले. दिवसभराचा कामाचा रगाडा सुरू होण्यापूर्वी, पहाटे मुलीला उठवून आई पाठ देत असे. पुराणांचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत झाले. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेल्यावर रमाबाई भावाबरोबर देशभर पायी हिंडल्या आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. या मुलीला शाळा माहीत नव्हती, इतकेच काय, कायमचे घरही नव्हते. तिची शाळा आईच्या पहाटेच्या दोन-चार तासांत होती.

सावित्रीबाई फुले लग्नानंतर जोतीरावांकडून शिकल्या. रमाबाई रानडे यांना न्यायमूर्ती रानड्यांनी लग्नानंतर शिकवायला सुरुवात केली. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या त्यांच्या पुस्तकात एक गोष्ट ठळकपणे दिसते. नवरा शिकवत होता, पण घरातल्या बायकांचा त्याला कडवा विरोध होता. टोमणे, अबोला, सारे काही सोसून ही मुलगी शिकली. घरात शिक्षण मिळाले, पण घराने दिले असे म्हणता येणार नाही. आपण ‘कुटुंब मुलाला शिकवते’ असे सहज म्हणून जातो, तेव्हा त्या कुटुंबात एकच मत असते असे धरून चालतो. ते खरे नसते.

आणि ज्या घरात अक्षरच कधी येऊ दिले गेले नव्हते, तिथे काय? मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी फुले यांच्या शाळेत शिकली. १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तिच्यासाठी घरच्या शिक्षणाचा पर्याय अस्तित्वातच नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना शिकू दिले नाही त्यांचे घर शिकवणार कसे? तिला शाळाच हवी होती.

म्हणूनच एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. घरी शिकलेल्या सावित्रीबाईंनी जोतीरावांबरोबर मुलींच्या शाळेचे काम हाती घेतले. पुण्यातली त्यांची पहिली शाळा १८४८ ची. आईकडून शिकलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. घरी शिकल्यामुळे त्यांना घराची थोरवी गाण्याची इच्छा झाली नाही. आपल्याला मिळाले तसे घर इतरांना मिळणार नाही, हे त्यांना पुरते माहीत होते.

शास्त्रज्ञांची मुले

विज्ञान शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना सर्वात मोह पाडणारे उदाहरण पॅरिसमधले आहे. १९०६ मध्ये पिएर क्युरी यांचा अपघाती मृत्यू झाला. मारी क्युरी यांच्यावर सॉर्बोन विद्यापीठातले अध्यापन, प्रयोगशाळा आणि दोन मुली अशी सारी जबाबदारी आली. मोठी मुलगी इरेन आठ वर्षांची होती. फ्रेंच शाळांत मुले तासन्‌तास कोंदट वर्गात बाकावर बसून असतात, हे मारीबाईंना पसंत नव्हते. त्यांच्या सहकाऱ्यांचीही तीच तक्रार होती. तेव्हा या मंडळींनी ठरवले की, आपली मुले आपणच मिळून शिकवायची.

ही सहकारी शाळा सुमारे दोन वर्षे चालली. मुले दहाच्या आसपास. रोज एकच पाठ, एकाच शिक्षकाकडे. उरलेला दिवस खेळ, हस्तकला आणि मोकळी हवा. रसायनशास्त्र शिकवायला जाँ पेराँ, गणिताला पॉल लांजव्हँ, इतिहास आणि साहित्याला पेराँ यांची पत्नी, चित्र आणि मातीकामाला एक शिल्पकार, आणि गुरुवारी दुपारी भौतिकशास्त्राला स्वतः मारी क्युरी! एका वृत्तपत्राने चेष्टा केली होती की, धड लिहिता-वाचता न येणाऱ्या या पोरांना हवे ते प्रयोग करायची मुभा आहे. सॉर्बोनची इमारत अजून उडाली नाही, पण आशा सोडायला नको.

या तासांना काय चाले? इरेनची धाकटी बहीण एव्ह हिने आईच्या चरित्रात (१९३७) ते नोंदवले आहे. सायकलच्या बेअरिंगमधल्या गोळ्या शाईत बुडवून उतरत्या फळीवर सोडायच्या. गोळीने काढलेल्या रेघेवरून पडणाऱ्या वस्तूंचा नियम मुलांनी पडताळायचा. तापमापी मुलांनी स्वतः बनवायची आणि ती बाजारातल्या तापमापीशी जुळली की आनंदाने नाचायचे. एकदा मारीबाईंनी विचारले की, या भांड्यातले गरम पाणी गरम राहावे म्हणून काय कराल? कोणी म्हणाले लोकर गुंडाळू, कोणी दुहेरी भिंतीचे भांडे सुचवले. मारीबाई हसून म्हणाल्या की, आपण तर आधी झाकण ठेवले असते!

मेज घाण करून ‘नंतर पुसतो’ म्हणणाऱ्याला त्या रागावत; प्रयोग चालू असतानाच मेज स्वच्छ राहिले पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. या गटातल्या इझाबेल शाव्हान नावाच्या मुलीने १९०७ सालच्या पाठांची टिपणे वहीत उतरवली होती. ती वही जपली गेली आणि २००३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. रिकाम्या दिसणाऱ्या बाटलीत काय असते, घरातल्या नळाला पाणी कसे येते, वस्तू का तरंगते, हवेचा दाब कसा मोजतात, अशा साध्या गोष्टी नोबेल मिळवलेली बाई मुलांना एकेक पायरीने दाखवत होती.

आता आपला मूळ प्रश्न विचारू. हे घरचे शिक्षण होते का? १८८२ च्या कायद्यानुसार होते. मुले कोणत्याही शाळेच्या पटावर नव्हती. पण वर्ग भरत तो प्रयोगशाळेत, शिकवत होती दुसऱ्यांची आईवडील मंडळी, सोबत दहाबारा मुले होती, वेळापत्रक होते. आपल्या नजरेने ती चांगली छोटी शाळाच होती. तिचे वैशिष्ट्य घरात नव्हते. विषय मनापासून जाणणारी माणसे, थोडी मुले आणि हाताळायला साधने, या तीन गोष्टी तिथे एकत्र आल्या होत्या.

ती बंद का पडली, हेही पाहायला हवे. पालक आपापल्या संशोधनात बुडालेले, वेळ पुरेना. शिवाय मुले मोठी झाली आणि पुढच्या शिक्षणासाठी सरकारी परीक्षा द्यायची तर तिचा अभ्यासक्रम पुरा करणे भाग होते. इरेन नेहमीच्या शाळेत गेली. पुढे १९३५ मध्ये पती फ्रेडरिक जोलिओ यांच्यासह तिला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या शाळेतल्या शिक्षकांचे पुढचे काम तितकेसे प्रसिद्ध नाही. जाँ पेराँ यांनी १९३७ मध्ये पॅरिसला विज्ञानाचे प्रयोग सर्वांना पाहता यावेत असे भव्य दालन उभे केले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस फ्रान्समधल्या सगळ्या शाळांची पुनर्रचना करण्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते लांजव्हँ. त्यांच्या मृत्यूनंतर १९४७ मध्ये सादर झालेली योजना आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. आपल्या दहा मुलांना जे दिले, ते सर्वांच्या मुलांपर्यंत पोचवण्याकडे हे लोक वळले. सावित्रीबाई आणि रमाबाई याच वाटेने गेल्या होत्या.

न्यायालयाच्या दारात

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रश्न न्यायालयांपुढे आला, आणि कुटुंबागणिक घरच्या शिक्षणाचा अर्थ कसा बदलतो हे तिथे उघड झाले.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या एका कुटुंबाने धार्मिक श्रद्धेमुळे तिसरीतल्या मुलीला घरीच शिकवायला सुरुवात केली. खालच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. १९५० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. आईला अध्यापनाचे शिक्षण होते, रोज ठरावीक तास अभ्यास होत होता, मुलगी तिसरीच्या मुलांइतकी तयार होती. मग मुलांची संख्या एकच असली म्हणून ती शाळा नाही असे कसे म्हणता येईल, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. म्हणजे इथे घर मान्य झाले, ते शाळेसारखे होते म्हणून.

१९७२ चा खटला याच्या अगदी उलट होता. विस्कॉन्सिनमधल्या आमिश पंथाच्या तीन पालकांना पाच-पाच डॉलर दंड झाला होता. हे लोक शेतीवर, साधेपणाने राहतात. आठवीपर्यंत मुले शाळेत जात. त्यानंतर शेत, गोठा आणि घर हेच त्यांचे शिक्षण, असे त्यांचे म्हणणे. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. घर शाळेसारखे नव्हते, तरी तिथल्या जीवनाची तयारी करून देत होते, हे पुरेसे ठरले. मात्र एका न्यायमूर्तींनी, विल्यम डग्लस यांनी, अंशतः वेगळे मत नोंदवले. पालकांचे ऐकले, राज्याचे ऐकले. ज्या मुलांचे आयुष्य ठरते आहे त्यांना कोणी विचारले का? पुढे एखाद्याला पियानोवादक किंवा अंतराळवीर व्हायचे असेल तर? मला हा प्रश्न त्या निकालापेक्षा मोठा वाटतो.

याच दशकात जॉन होल्ट हे शिक्षक शाळा सुधारतील ही आशा सोडून घरच्या शिक्षणाकडे वळले. १९७७ मध्ये त्यांनी त्यासाठी एक नियतकालिक सुरू केले. घरात छोटी शाळा मांडू नका, मुलाला त्याच्या कुतूहलाच्या मागे जाऊ द्या, असा त्यांचा आग्रह होता. त्याच सुमारास अनेक धर्मनिष्ठ कुटुंबे नेमक्या उलट्या कारणाने मुलांना शाळेतून काढत होती : शाळा फार मोकळी आहे, घरी शिस्त आणि धर्मशिक्षण हवे. शाळा फार कडक म्हणणारे आणि फार सैल म्हणणारे दोघेही एकाच नावाने एकाच चळवळीत आले. १९९३ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर झाले होते.

इतर देशांनी वेगळी वाट धरली. इंग्लंडच्या १९४४ च्या कायद्यात मुलाला शाळेत पाठवून ‘किंवा अन्य प्रकारे’ शिक्षण देण्याचे कर्तव्य पालकांवर टाकले आहे. त्या दोन-तीन शब्दांच्या आधारावर तिथे घरचे शिक्षण उभे आहे. जर्मनीत शाळेची हजेरीच सक्तीची आहे. तिथल्या एका कुटुंबाचा अर्ज युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००६ मध्ये स्वीकारला नाही. वेगवेगळ्या घरांतल्या मुलांनी एकत्र वाढणे हेही समाजाचे रास्त हित आहे, ही भूमिका त्या न्यायालयाला मान्य होती. आणि ज्या फ्रान्सने १८८२ मध्ये घराचे दार उघडे ठेवले, त्यानेच २०२१ च्या कायद्याने ते बरेचसे लोटून घेतले. पूर्वी नुसते कळवले की पुरे होते, आता सरकारची परवानगी लागते.

आपल्या कायद्यातले घर

आपल्या राज्यघटनेत २००२ च्या दुरुस्तीने पालकांचे एक मूलभूत कर्तव्य घातले गेले. ६ ते १४ वयाच्या पाल्याला शिक्षणाच्या संधी देणे, असे ते आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या दहाव्या कलमात मात्र पालकाने मुलाला जवळच्या शाळेत दाखल करावे, असे कर्तव्य सांगितले आहे. एका ठिकाणी शब्द ‘शिक्षण’, दुसऱ्या ठिकाणी ‘शाळा’. न पाठवणाऱ्या पालकाला या कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही. त्यामुळे हौसेने घरी शिकवणारी कुटुंबे या दोन शब्दांमधल्या जागेत आहेत. मुले मोठी झाली की मुक्त विद्यालयाची परीक्षा देतात किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसतात.

‘घरी शिक्षण’ असा स्पष्ट उल्लेख आपल्या कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आला, तो बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांसाठी. तो मुलाचा हक्क आहे. शाळेला उतार बांधायचा कंटाळा म्हणून मुलाला घरी ठेवण्याची ती सोय होता कामा नये.

तिसरा कायदा आपल्या विषयापासून दूरचा वाटतो, पण तो सर्वात जवळचा आहे. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी आहे, पण घरच्या धोकादायक नसलेल्या व्यवसायात शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत मदत करायला मुभा आहे. म्हणजे मदत कुठे संपते आणि मजुरी कुठे सुरू होते, याची रेषा शाळेच्या घंटेने आखली आहे. जे मूल ‘घरीच शिकते’, त्याची घंटा कोण वाजवणार? काज-बटण करणाऱ्या त्या मुलीचा तास कधी सुरू होतो आणि कधी संपतो?

तक्त्यात नसलेले रकाने

शिक्षण घरात होते की शाळेत, यावरून फारसे काही ठरत नाही, असे आपण पाहिलेली घरे सांगतात. मग दारात उभे राहून आपण काय विचारावे? मला चार गोष्टी विचाराव्याशा वाटतात.

पहिली, शाळा यांनी नाकारली की शाळेने यांना? जेम्स मिल आणि लक्ष्मीबाई डोंगरे यांच्यातला फरक तोच आहे. दुसरी, शिकवते कोण आणि त्याला वेळ किती? ज्याला शिकवता येते त्याला वेळ नसतो आणि ज्याला वेळ आहे त्याला पुष्कळदा शिकवता येत नाही. क्युरींच्या गटालाही दोन वर्षांवर वेळ काढता आला नाही. तिसरी, या मुलाला घराबाहेरची किती माणसे भेटतात? मिलला भेटली नाहीत, इरेनला भेटली. चौथी आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाची, मुलाला उद्या शाळेत यावेसे वाटले तर वाट मोकळी आहे का, आणि त्याला तसे कोणी विचारले आहे का?

मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा आपल्या वर्गातले प्रत्येक मूल काही काळ घरी शिकणारे मूल झाले होते. शाळा पुन्हा उघडल्यावर हजेरी घेताना आपल्याला दिसले की, कोणाच्या घरात आई पुस्तक घेऊन बसली होती, कोणाच्या घरात मोबाईल एकच होता, आणि कोणी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेले होते ते परत आलेच नाही.

पहिल्या घरातल्या मुलीची आपल्याला फार काळजी करायचे कारण नाही. तिच्या आई-वडिलांशी बोलून आपल्यालाच काही शिकता येईल. दुसऱ्या घरातल्या मुलाच्या बहिणीला पाठ्यपुस्तके आणि विशेष शिक्षकाचा पत्ता द्यायला हवा, आणि शाळेला उतार आहे का ते पाहायला हवे. तिसऱ्या घरात पुन्हा जायला हवे, शक्यतो शाळेच्या वेळेत. त्या मुलीला जवळ बसवून विचारायला हवे की, बाळ, तुला काय शिकायचे आहे? सरकारी तक्त्यात या उत्तरासाठी रकाना नाही. तो आपणच पेनने आखून घ्यायचा आहे.